त्या ओळीवर अण्णा थांबायचे

रात्रीची जेवणं झाली, भांडी कोपऱ्यात सरकवली की आमच्या घरात सतरंजी पडायची. अण्णा भिंतीला टेकून, आई चुलीच्या बाजूला, आम्ही तिघं भावंडं मध्ये. आधी एक भजन. नेवासे म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव, आणि आमचं खेडं त्याच तालुक्यातलं. टाळ आमच्याही खुंटीला होते, चाली गावच्या भजनी मंडळातल्याच, नाव येशूचं. मग आई पवित्र शास्त्रातला उतारा वाचायची, कारण अण्णांना चाळिशी लागली होती आणि ते कबूल करायला तयार नव्हते. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना.

ती आम्हाला झोपेतही यायची. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथवर अण्णांचा आवाज सगळ्यांच्या वर. त्यानंतरची ओळ अशी: ‘आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ इथे तो आवाज गायब व्हायचा. आई आणि आम्ही पोरं ती ओळ कशीबशी पार करायचो, आणि ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ला अण्णा पुन्हा सामील.

मला वाटायचं, मोठ्या माणसांना त्या ओळीची सूट असते. पुढे शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारी मुलांना शास्त्र शिकवतात तिथे, मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. गाव लहान, आमच्या घरातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

ही ओळ सगळेच ख्रिस्ती अशी म्हणत नाहीत. पुष्कळ ठिकाणी ‘अपराधांची क्षमा’ म्हणतात. माझी भाचरं इंग्रजी शाळेतली, ती ‘ट्रेसपासेस’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत शिरणं. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आमच्या जिल्ह्याला तोही शब्द शोभतो म्हणा. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातला मूळ ग्रीक शब्द देण्याचा आहे, पैशाअडक्याच्या देण्याचा, आणि आमच्या मराठी शास्त्रात तो तसाच उतरला. लूकने हीच प्रार्थना देताना पहिल्या भागात ‘पाप’ घातलं, तरी दुसऱ्या भागात त्यालाही ऋणी माणूस काढता आला नाही.

मराठीत ऋण म्हटलं की माणूस हळवा होतो. सत्काराला उत्तर देणारा ‘मी तुमच्या ऋणातच राहू इच्छितो’ म्हणतो आणि लोक टाळ्या वाजवतात. प्रार्थनेतलं ऋण असलं नाही. ते वहीतलं आहे, तारीख घातलेलं. आणि ‘सोडणे’ हे क्रियापदही बघा. माफ करणं म्हटलं की करणारा एक पायरी वर चढतो. सोडणं म्हणजे दावणीचं जनावर सोडतात तसं. गाठ काढली, दोर हातातून गेला. माफी देऊनही मनात धरून ठेवता येतं. सोडलेलं धरता येत नाही.

आमची पिठाची गिरणी होती. अण्णा आणि धाकटे काका, दोघांनी मिळून 1968 साली टाकलेली. निम्मे पैसे याचे, निम्मे त्याचे. पत्र्याची शेड, विजेची मोटार, लांब पट्टा, आणि दोन दगड. दगडांना दर काही दिवसांनी टाकी लावावी लागे. अण्णा मांडी घालून छिन्नी-हातोडीने दगडाच्या गुळगुळीत झालेल्या रेघा पुन्हा खोल करत बसायचे, टक टक टक, आणि त्या दिवशी बायका लांबूनच आवाज ऐकून परत जायच्या. दगड तासल्यावर पहिलं दळण कुणाचंच घ्यायचं नाही, कारण त्यात कच येते. ते घरचं. त्यामुळे महिन्यातून एकदा आमच्या भाकरीत कचकच असायचीच. आई पुटपुटायची, पण भाकरी पुढ्यात यायची तीच.

गिरणीवाल्याला चोरी करायची तर ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करता येते. दगडांत दर वेळी मूठभर पीठ अडकतं. पुढच्या दळणाला ते बाहेर येतं, पण आत राहिलं कोणाचं आणि बाहेर आलं कोणाचं हे कोण सांगणार? शेवटचं दळण झालं की अण्णा दगडांच्या भोवतीचं पीठ पिसाने झाडून ज्याचं त्याच्या डब्यात टाकायचे. जमिनीवर सांडलेलं तेवढं आमच्या कोंबड्यांना. पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात एक नियम आहे, जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घ्यायची नाही, कारण ते माणसाचा जीव गहाण घेण्यासारखं आहे. हे वचन अण्णांना फार आवडायचं. मला वाटतं, शास्त्रात आपल्या धंद्याचं नाव निघालं याचाच त्यांना जास्त आनंद होता.

रविवारी गिरणी बंद. आता यात विशेष काही नाही, पण आमच्या भागातला मोठा बाजार रविवारचा. आठवड्याचं धान्य घेऊन लोक यायचे त्याच दिवशी आमच्या दाराला कुलूप, आणि आम्ही धुतलेले कपडे घालून देवळात, म्हणजे चर्चमध्ये. काका म्हणायचे, सकाळी उपासना करू, दुपारी गिरणी चालवू, प्रभू काय घड्याळ लावून बसलाय? अण्णा नाही म्हणायचे. लहानपणी मला अण्णांचं बरोबर वाटायचं. आता तितकी खात्री नाही. कुलपातला निम्मा तोटा काकांचा होता.

मग 1972 उजाडलं. आदल्या वर्षीही पाऊस दगा देऊन गेला होता, या वर्षी तर काहीच नाही. मी सहा वर्षांची. मला आठवतं ते मायलोचं तांबूस पीठ. अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. तिच्या भाकरीला चव नव्हती आणि ती थापताना फुटायची. बायका दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून संध्याकाळी गिरणीवर यायच्या, हातांना फडकी गुंडाळलेली, डब्यात जेमतेम पायलीभर मायलो. मजुरीचा पगार वेळेवर व्हायचा नाही. मग दळणाचे पैसे? ‘लिहून ठेवा.’ अण्णा लिहून ठेवायचे. लाल कापडी पाठीची लांबट वही, शिसपेन्सिल दोऱ्याने बांधलेली. नाव, बाजरी की मायलो, किती पायली, किती पैसे.

नाही म्हणणं अण्णांना शक्यच नव्हतं, त्यालाही कारण होतं. आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा 1876 ते 78च्या मोठ्या दुष्काळानंतरचा. त्या काळात नगरच्या अमेरिकन मिशनमुळे बरीच घरं जगली आणि त्यातली काही ख्रिस्ती झाली. त्यावरून टोमणे अजून संपलेले नाहीत. भाकरीसाठी बाटले, असं गावात कोणी ना कोणी म्हणतंच. माझे शिकलेले चुलतभाऊ यावर चिडून इतिहास सांगत बसतात, पणजोबा कसे विचार करून ख्रिस्ती झाले वगैरे. अण्णा चिडत नसत. एकदा गिरणीवरच कोणी तसं बोललं तेव्हा ते पट्टा चढवता चढवता म्हणाले, ‘भाकरीसाठीच. आमच्या प्रार्थनेतच आहे ना भाकर.’ ज्याच्या घराण्याने भुकेपायी दुसऱ्याचं दार वाजवलं, तो गिरणीच्या दारातून कोणाला परत कसा पाठवणार?

1973 ला पाऊस झाला. सुगी आली, मंडळीत उपकारस्तुतीचा रविवार झाला. लोकांनी कणसं, भोपळे, कोंबड्या आणून वेदीपुढे ठेवल्या, नंतर आवारात त्यांचा लिलाव झाला. त्या रात्री अण्णांनी दुष्काळातल्या दोन वह्या काढल्या आणि एकेका पानावर तिरपी रेघ मारून खाली एकच शब्द लिहिला, ‘सोडले’. पान उलटायचं, रेघ, ‘सोडले’. मी शेजारी बसून शाई वाळायला फुंकर घालत होते. या रेघा त्यांनी शाईने मारल्या होत्या, पेन्सिलीने नाही.

काकांना विचारलं नव्हतं.

पुढच्या आठ दिवसांत काय झालं ते मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय. मोटारीचं वाइंडिंग जळायला आलं होतं, नव्या मोटारीसाठी डब्यात 700 रुपये साठवले होते. काका ते घेऊन पिंपरीला निघून गेले. तेव्हा तिकडे कारखान्यांत माणसं घेत होते. जाताना म्हणाले म्हणे, ‘तुझं पुण्य माझ्या पैशानं कशाला?’ पुढच्याच महिन्यात मोटार जळाली. अण्णांनी व्याजाने पैसे काढले आणि ते फेडता फेडता माझ्या मोठ्या भावाचं कॉलेज राहिलं. त्या आठवड्यापासून ती ओळ अण्णांच्या तोंडून निघेना. अख्ख्या गावाची उधारी एका रात्रीत सोडणाऱ्या माणसाला भावाचे 700 रुपये सोडता येईनात.

पाळकसाहेबांनी समजावलं, आईने रडून पाहिलं. अण्णा एवढंच म्हणायचे, ‘सोडलं नाही, तर सोडलं असं म्हणू कसा? तेही देवासमोर?’ त्यांचं हे मला अजूनही मोठं वाटतं, आणि तितकंच भयंकरही. आपण बहुतेक जण ती ओळ म्हणतो आणि मनातलं मनात ठेवतो. ते उलट करायचे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, त्यांना पाठ होती. राजाने एका चाकराला दहा हजार तालांतांचं देणं सोडलं, आणि त्याच चाकराने बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरला. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एका तालांतात 6,000 दिनार. अण्णांनी एकदा पिठाच्या पोत्यावर खडूने हिशेब मांडला होता: सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तर फेडायला 2 लाख वर्षं. मला वाटलं, आता म्हणतील, बघ केवढं मोठं देणं सोडलं देवाने. पण ते बोट शंभरावर ठेवून म्हणाले, ‘हेही काही चिल्लर नाही. शंभर दिवसांचा रोज आहे. प्रभूला उधारीतलं कळत होतं.’ उपदेशात हे शंभर दिनार नेहमी क्षुल्लक म्हणून सांगतात. गिरणीवाल्याला ते क्षुल्लक दिसले नाहीत, आणि मला वाटतं त्यांचं वाचन जास्त बरोबर होतं. सोडायला लागतं ते नेहमी शंभर दिवसांच्या रोजाएवढंच असतं. बुडालो नाही तरी तीन-चार महिने पाठीत बसेल एवढं.

1998 साली काका गेले. अण्णा पिंपरीला दफनविधीला गेले, मी सोबत. माती देऊन झाल्यावर काकू डोक्यावरचा पदर सावरत अण्णांजवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘भाऊजी, दुष्काळातली ती उधारी निम्मी यांची होती. यांनी कधी मागितली नाही.’ एवढंच. मग त्या चहाचं बघायला गेल्या.

परत येताना एसटीत अण्णा शिवाजीनगरपासून घोडेगावपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर माळ्यावरची पेटी उतरवून त्यांनी दोन्ही वह्या काढल्या. मी तोवर पतसंस्थेत लागले होते. बेरजा मी करून देते म्हटलं, तर हात आडवा केला. मध्यरात्री पाणी प्यायला उठले तेव्हा दिव्याखाली वही उघडी आणि अण्णा ओट्यावर बाहेर बसलेले. शेवटच्या पानावर ‘सोडले’च्या खाली पेन्सिलीने आकडे होते. एकूण उधारी 1,312. तिच्या निम्मी 656. शेजारी 700, आणि त्याच्या निम्मे 350. खाली वजाबाकी करून 306, आणि त्या 306 खाली आम्ही ताळेबंदात मारतो तशा दोन रेघा.

काकांनी नेले त्यांतले 350 त्यांचेच होते. अण्णांनी सोडले त्यांतले 656 अण्णांचे नव्हतेच. पंचवीस वर्षं जो आपल्याला धनको समजत होता तो 306 रुपयांचा ऋणको निघाला, आणि ज्याला द्यायचे तो त्या दिवशी सकाळीच मातीआड झाला होता.

दुसऱ्या दिवशी रात्री प्रार्थनेला बसलो. भाकरीच्या ओळीनंतर अण्णा सवयीने थांबले. आई एकटीच ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ म्हणाली, आणि तिच्या पाठोपाठ अण्णांचा आवाज आला: ‘तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ अर्धीच ओळ, मागची. 2011 साली जाईपर्यंत ते तेवढीच म्हणत राहिले. माझ्या भाच्याने एकदा विचारलं, अण्णा पहिलं वाक्य का गाळतात? आई म्हणाली, त्यांना तेवढंच पाठ आहे.

मी आयुष्यभर वसुली विभागात काम केलं. अण्णांना याचं हसू यायचं. हप्ता थकला की फोन, मग नोटीस, मग जामीनदाराला नोटीस, मग सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला. जामीनदार हा या सगळ्यातला सर्वांत केविलवाणा माणूस. पैसे दुसऱ्याने वापरले, सही याची. शास्त्रातल्या नीतिसूत्रांत बजावून ठेवलंय, जामीन राहू नकोस, तुझ्या अंगाखालचं अंथरूण नेतील. आणि त्याच शास्त्रातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकात येशूला जामीन म्हटलंय. पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचलं तेव्हा मी दचकले होते. आमच्या कपाटात जामीनदारांच्या फायली होत्या, त्यांच्यावरचे पासपोर्ट फोटो, अंगठे. तो शब्द तिथून आलाय.

‘मग तू सोडत का नाहीस?’ असं मला एका मैत्रिणीने विचारलं होतं. पैसे माझे असते तर विचार केला असता. ते ठेवीदारांचे. त्यांत धुणीभांडी करून आवर्त ठेव भरणाऱ्या बायका आहेत, मुलीच्या लग्नाचे ठेवलेले आहेत. काकांचा प्रश्न माझ्या टेबलावर रोज असायचा. मग मला करता येण्याजोगं काय उरतं? फार थोडं. एकदा मीटिंगमध्ये ठरत होतं की मोठ्या थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची, गल्ली गोळा झाली की आपोआप भरतो. मी विरोध केला, ते राहिलं. एकरकमी परतफेडीची योजना आली की ज्यांना वाचता येत नाही त्यांना स्वतः बोलावून व्याजात किती सूट बसते ते कागदावर मांडून दाखवायचं, कारण ज्यांना त्याची गरज असते त्यांनाच ती शेवटच्या तारखेनंतर कळते. आणि आवाज चढवायचा नाही. हे शेवटचं मला दर वर्षी जमलं असं नाही. एका जामीनदाराला मी फोनवर जे बोलले होते ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. त्यालाही आठवत असणार.

आमच्या कामात एक गंमत आहे, उपवासकाळ पाळणाऱ्या माणसालाच ती कळेल. मार्चअखेर आणि उपवासकाळ एकाच वेळी येतात. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आत्मपरीक्षणाचे, दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाकडे तरी प्रार्थनासभा, आणि नेमक्या त्याच दिवसांत थकबाकीची टक्केवारी खाली आणायची म्हणून सकाळी नऊपासून फोन. 2024 साली तर कळसच झाला. ईस्टर आला 31 मार्चला. त्या रविवारी सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेने शाखा उघड्या ठेवायला सांगितलं होतं. आमची पतसंस्था काही त्यात बसत नव्हती, पण मार्चअखेर म्हटल्यावर कोण घरी बसणार? मला अठ्ठावन्न होत होती, निवृत्तीआधीची ती माझी शेवटची मार्चअखेर.

पहाटे चार वाजता आम्ही दफनभूमीत गेलो. ईस्टरची पहिली उपासना आमच्याकडे तिथेच होते, अंधारात, थडग्यांवर मेणबत्त्या लावून. आई-अण्णांच्या थडग्यावर शेवंती ठेवली. उजाडताना प्रार्थना सुरू झाली आणि त्या ओळीला मी नेहमीसारखी अर्ध्या सेकंदाने मागे पडले. अण्णांची सवय. त्या अर्ध्या सेकंदात त्या वर्षीची सगळी यादी डोळ्यांसमोरून जाते.

अकराला ऑफिसात आले. यादीत तेवीस नावं उरली होती. चौदावं नाव एका जामीनदाराचं, वय सत्तरीच्या पुढे. पुतण्यासाठी सही केली होती, पुतण्या फोन उचलत नव्हता. हे आजोबा मात्र नेहमी उचलायचे. मागच्या खेपेला ऑफिसला आले तेव्हा पिशवीत पासबुक होतं आणि पासबुकाखाली माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा. मी घेतल्या नाहीत. घ्यायला नको होत्या, हे खरं, पण त्यांचा चेहरा पडला होता.

फोन लावला. मी नाव सांगायच्या आधीच ते म्हणाले, ‘ताई, आज तुमचा सण ना?’

‘हो.’

‘आणि तुम्ही ऑफिसात?’

मी काही बोलले नाही. पलीकडे गुरांच्या घंटा वाजत होत्या.

‘मग आज कशाला विषय? उद्या बोलू की.’

उद्या म्हणजे 1 एप्रिल. तोवर ताळेबंद बंद झालेला असणार आणि ते खातं थकीतच्या रकान्यात गेलेलं. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, साहेब काचेपलीकडून माझ्याकडेच बघत होते.

‘बरं,’ मी म्हटलं. ‘उद्या बोलू.’